चिंचोक्यांचा डबा: वर्गात जागेवर न टिकणाऱ्या मुलासाठी बक्षिसाची पद्धत, पहिल्या दिवसापासून

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात जूनचा पाऊस लागला की वर्गात उजेड कमी आणि आवाज जास्त असतो. कौलांवर पाऊस, व्हरांड्यात छत्र्यांची गर्दी आणि पहिली-दुसरीची पोरं एकाच खोलीत. अशा वर्गात एखादं पोर दर दोन मिनिटांनी उठतं, शेजारच्याची पाटी ओढतं, खिडकीशी जातं, परत येताना कुणाच्या तरी पायावर पाय देतं. दिवसभर आपल्या तोंडी त्याचंच नाव. संध्याकाळी घसा बसलेला असतो आणि बाकीच्या मुलांना आज काय दिलं हे नीट आठवतसुद्धा नाही.

सीमाभागातल्या मराठी प्राथमिक शाळेत लहान वर्ग सांभाळताना मी बक्षिसाची पद्धत बरीच वर्षं वापरली. सुरुवातीला चुकत गेले, मग एकेक गोष्ट दुरुस्त केली. छडी तर आता कायद्यातही बसत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना मनाई आहे. पण ‘मारायचं नाही, मग करायचं काय?’ हा प्रश्न नव्या शिक्षकांच्या तोंडी मी सारखा ऐकते. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. बक्षीस पहिल्याच दिवशी, पहिल्या दहा मिनिटांत त्या मुलाच्या हाताला लागलं पाहिजे. ‘महिनाभर शहाण्यासारखा वाग, मग कंपासपेटी देईन’ असं म्हटलं तर सहा-सात वर्षांच्या मुलाला महिना म्हणजे काय तेच कळत नाही. ज्याला रोज ओरडाच मिळतो, त्याला आपण जिंकू शकतो यावर विश्वासच नसतो. तो विश्वास आधी बसवायचा, अपेक्षा मागाहून वाढवायच्या.

सुरू करण्याआधी: कान, डोळे, पोट, भाषा

बक्षिसाने बहिरेपण जात नाही. म्हणून आधी साध्या चाचण्या करा. मूल पाठमोरं असताना हळू आवाजात त्याला हाक मारा, तीन वेगवेगळ्या दिवशी. पावसाळ्यात कान वाहणारी मुलं आपल्याकडे पुष्कळ असतात. त्यांना अर्धं ऐकू येतं आणि आपण समजतो की ऐकूनही ऐकत नाही. मग शेवटच्या रांगेतून फळ्यावरचा शब्द वाचायला सांगा. डोळे बारीक करतं का, मान तिरकी करतं का, पाहा. शंका आली तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्या मुलाचं नाव आवर्जून पुढे करा, आणि पथक यायला उशीर असेल तर पालकांना सरळ सरकारी दवाखान्यात पाठवा.

सकाळी काय खाऊन आला हेही विचारा. शाळेत दूध मिळेपर्यंत उपाशी असलेलं मूल चुळबुळ करणारच.

भाषेचा मुद्दा तर आपल्याच भागाचा. मराठी शाळेच्या पटावर नाव असलं तरी घरात कन्नड, कोंकणी किंवा धनगरवाड्यावरची बोली बोलली जाते. पुस्तकी मराठीतली सूचना त्याच्यापर्यंत पोचतच नाही आणि मग ते शेजारच्याकडे बघायला उठतं. सूचना हाताने करून दाखवा, सोप्या शब्दांत द्या, आणि कौतुक त्याच्या घरच्या भाषेत करा. ‘शाब्बास’ दोन्हीकडे चालतं. पण आई कन्नड बोलणारी असेल त्या पोराला ‘भाळ चलो’ म्हणून बघा. चेहरा वेगळाच होतो.

पहिला आठवडा: नुसतं मोजा

या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. रोज एकाच वेळची तीस मिनिटं निवडा आणि हजेरीवहीच्या मागच्या कागदावर रेघा मारा: मूल जागेवरून किती वेळा उठलं. सोबत दोन बारीक नोंदी ठेवा. उठण्याच्या लगेच आधी काय चाललं होतं, आणि उठल्यावर लगेच काय झालं.

माझ्या वर्गातल्या दुसरीच्या एका मुलाचं सांगते. पाच दिवसांच्या रेघा होत्या ११, १४, ९, १३, १३. म्हणजे तीस मिनिटांत साधारण बारा वेळा, दर अडीच मिनिटांनी एकदा. हा आकडा जपून ठेवा, पुढे त्याचं काम आहे. पण मला खरं शिकवलं ते बाजूच्या नोंदींनी. गोष्ट चालू असताना तो एकदाही उठला नव्हता. गाण्याला नाही, अंकांच्या खेळालाही नाही. बहुतेक रेघा फळ्यावरचं उतरवून घ्यायच्या वेळच्या होत्या. आणि उठल्यावर दर वेळी मी काय करत होते? लांबूनच त्याचं नाव घेऊन ओरडत होते. म्हणजे उठलं की लिहिणं थांबतं आणि बाईंचं लक्षही मिळतं. त्याच्या बाजूने पाहिलं तर उठण्यात फायदाच फायदा होता, आणि तो मीच रोज पदरात टाकत होते.

मग मी त्याची वही उघडून पाहिली. साधी अक्षरं ठीक होती, जोडाक्षर आलं की तिथेच ओळ तुटलेली. ‘पुस्तक’ मधला ‘स्त’ त्याला उतरवतासुद्धा येत नव्हता. अशा वेळी बक्षीस एकटं पुरत नाही. आठ ओळींऐवजी तीन ओळी द्याव्या लागतात, आणि जोडाक्षरांसाठी दिवसाची पाच मिनिटं वेगळी काढावी लागतात. काम आवाक्याबाहेरचं ठेवून वर बक्षीस दाखवणं म्हणजे मुलाला दुसऱ्यांदा हरवणं.

कोणत्या एका गोष्टीला बक्षीस

‘नीट वाग’, ‘शहाणा हो’, ‘दंगा करू नको’ यांतलं काहीही चालणार नाही. ते मोजता येत नाही, आणि मुलालाही आपण आत्ता ते करतोय की नाही हे कळत नाही. डोळ्यांना दिसणारी एक कृती निवडा आणि ‘काय करायचं’ अशा शब्दांत सांगा. ‘उठू नको’ म्हणण्यापेक्षा ‘पाटी मांडीवर, बूड बस्करावर’ हे पोराला लगेच समजतं. मी त्या मुलाला तेवढंच सांगितलं. शेजारच्याला चिमटे काढणं, मध्येच बोलणं, हे सगळं पहिले तीन आठवडे बाजूला ठेवलं. कुणाला इजा होत असेल तेवढं मात्र लगेच थांबवायचं, शांतपणे, हात धरून.

उठायची गरज ज्या मुलाच्या अंगातच असते, त्याला उठायची रीतसर संधी द्या. दोन ओळी झाल्या की पाटी घेऊन माझ्याकडे यायचं, असा नियम मी केला. त्यामुळे त्याचं चालणं चुकीचं राहिलं नाही, कामाचाच भाग झालं.

डबा आणि चिंचोके

खूण म्हणून मी चिंचोके वापरते. फुकट मिळतात, धुऊन वाळवले की वर्षभर टिकतात, डब्यात पडताना टणकन आवाज होतो आणि त्यांनीच पुढे बेरीज-वजाबाकी शिकवता येते. आपल्याकडे काजूबिया सहज मिळतात म्हणून कुणी त्या घ्यायला जाईल, तर घेऊ नका. सालातल्या तेलाने कातडी भाजते. गुंजा दिसायला सुंदर असतात, पण त्या विषारी आहेत. लहान मुलांच्या हातात कधीच देऊ नका. सगळंच तोंडात घालणारं मूल असेल तर चिंचोकेही नकोत, वहीच्या शेवटच्या पानावर पेनाने ठिपके द्या.

बक्षिसाची वस्तू लगेच देणं दर वेळी जमत नाही, पण खूण लगेच देता येते. या पद्धतीचं मर्म ते आहे. टिओडोरो आयलॉन आणि नेथन अझरिन यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या एका मनोरुग्णालयात अशा खुणा जमवून त्यांच्या बदल्यात आवडीची गोष्ट देण्याची पद्धत शिस्तशीर वापरून पाहिली, आणि तिथून ती शाळांत आली. कृती आणि खूण यांत काही सेकंदांचंच अंतर हवं. दुपारी जेवणानंतर ‘सकाळी छान बसलास हं’ म्हणून पाच चिंचोके दिले, तर मूल ते जेवणाशी जोडेल.

डबा मुलाच्या दप्तराजवळ ठेवा. नावाचा तक्ता भिंतीवर लावू नका. ज्याच्या रांगेत काहीच नाही ते मूल दिवसभर त्या रिकाम्या चौकटींसमोर बसतं, आणि पालक सभेला आलेल्या सगळ्या गावाला ते दिसतं.

बदल्यात काय द्यायचं

पैशांच्या वस्तू जवळजवळ लागत नाहीत. मुलालाच विचारा, आणि त्याहून जास्त मधल्या सुट्टीत ते काय करतं ते बघा. डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये तत्त्व मांडलं की जे काम मूल आपणहून जास्त करतं, तेच कमी आवडीच्या कामाचं बक्षीस होऊ शकतं. ‘आधी भाकरी संपव, मग खेळायला जा’ म्हणणारी आपली आजी तेच करते.

आमच्याकडे चाललेली बक्षिसं अशी: शाळेची घंटा वाजवणं (याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही), फळ्यावर तारीख लिहिणं, परसबागेला झारीने पाणी घालणं, दूध वाटताना पेले मोजून देणं, प्रार्थनेला पुढे उभं राहणं, पाच मिनिटं ओली माती, आज कोणती गोष्ट सांगायची ते ठरवणं. तीन चिंचोक्यांचं एक, पाचाचं एक, दहाचं एक, अशा किमती लावा. स्वस्त बक्षीस रोज परवडलं पाहिजे.

जेवण, दूध, अंडं किंवा केळं यांना कधीही हात लावू नका. अक्षरदासोहाचं, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचं ताट हा मुलाचा हक्क आहे. ते मिळवावं लागत नाही आणि गमावताही येत नाही. खेळाचा तास काढून घेणंही तसंच चुकीचं. ज्याला हालचालीची सर्वात जास्त गरज आहे, त्यालाच आपण बसवून ठेवतो आणि पुढचा तास आणखी बिघडवतो.

गोळ्या-चॉकलेटं मी सुरुवातीला दिली होती. चौथ्या दिवशी पोरगा म्हणाला, ‘बाई, आज दोन द्या की, मग बसतो.’ तेव्हापासून बंद.

पहिला दिवस

आता तो जपून ठेवलेला आकडा घ्या. मूल दर अडीच मिनिटांनी उठत होतं, तर पहिली मुदत त्याहून थोडी कमी ठेवायची: दोन मिनिटं. आणि हे दिवसभर करायचं नाही. दोन इयत्ता सांभाळणाऱ्या बाईला किंवा गुरुजींना ते शक्यच नाही. सकाळची दहाच मिनिटं घ्या. दहा मिनिटांत दोन-दोन मिनिटांचे पाच टप्पे, प्रत्येक टप्प्याला एक चिंचोका, पाचांपैकी तीन मिळाले की बक्षीस. पाचांपैकी पाचाची अट घालू नका.

शाळा भरायच्या आधी मुलाला एकट्याला जवळ घ्या. असं काही बोला: ‘हे बघ, हा तुझा डबा. पाटी मांडीवर आणि बूड बस्करावर असलं की मी एक चिंचोका टाकणार. तीन झाले की घंटा तू वाजवायची. जमेल?’ मग एकदा खोटंखोटं करून दाखवा. तो बसला, टाका चिंचोका. आवाज ऐकू द्या.

पहिल्या दिवशी घड्याळाकडे फार बघू नका, मुलाकडे बघा. दोन मिनिटं भरायच्या आत उठायची चिन्हं दिसली, म्हणजे टाच जमिनीवर टेकली, मान खिडकीकडे गेली, तर उठायच्या आधीच जाऊन चिंचोका टाका. टाकताना मोघम ‘गुड’ म्हणू नका. ‘बसून दोन ओळी लिहिल्यास’ असं कृतीचं नाव घ्या. उठला तर काहीही बोलू नका. ओरडा नाही, सुस्कारा नाही, चिंचोका नाही. परत बसला की दहा सेकंद थांबून ‘बसलास, छान’ म्हणा आणि नवीन दोन मिनिटं सुरू करा.

त्या मुलाला पहिल्या दिवशी चार मिळाले. त्याने ते दोनदा मोजले. मग घंटेखाली जाऊन उभा राहिला, वेळ व्हायला अजून दहा मिनिटं होती तरी.

घरी काय पाठवायचं

आपल्याकडे बाप बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला किंवा गोव्याला, आई जुलैत लावणीला, घरात आजी. चिठ्ठी पाठवली तर वाचायला कुणी नसतं, आणि वाचली तर पोराला मार बसतो. शाळेतून आजवर तक्रारच आलेली असते. म्हणून पहिले दोन आठवडे फक्त चांगली बातमी घरी जाऊ द्या. मी रिकाम्या काडीपेटीत एक चिंचोका घालून देते. आजीला एवढंच सांगितलेलं असतं की पेटी वाजली म्हणजे आज जमलं, पोराला जवळ घ्या. पेटी आली नाही तर काही विचारू नका. एका आईने मला रस्त्यात थांबवून विचारलं, ‘बाई, ते घरात बी असंच करतंय हो, आम्ही बी चिंचोके देऊ काय?’ द्या म्हटलं, पण एकाच कामाला, आणि दिलेला परत घेऊ नका.

बाकीची पोरं

‘आम्हाला नाही काय बाई?’ हे दुसऱ्याच दिवशी येतं आणि ते रास्त आहे. मी वर्गासाठी काचेची एक मोठी बरणी ठेवते. तो मुलगा स्वतःच्या डब्यात जेवढे मिळवतो, तेवढेच बरणीतही पडतात, आणि बाकीच्यांनी एकमेकांना मदत केली की आणखी. बरणी भरली की सगळ्या वर्गाला काहीतरी. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर बरणी भरली आणि शाळेच्या अंगणात किल्ला केला. ज्याला रोज ‘बाई, हा बघा की’ म्हणून बोट दाखवलं जायचं, त्याला बुरुज थापायला पोरं हाताला धरून घेऊन गेली.

१९६९ मध्ये अमेरिकेत चौथीच्या वर्गावर एक प्रयोग झाला होता. वर्गाचे दोन गट, नियम मोडला की गटाच्या नावावर खूण, कमी खुणांचा गट जिंकतो, आणि दोन्ही गटांच्या खुणा ठरल्यापेक्षा कमी असल्या तर दोन्ही जिंकतात. तो खेळ आजही वापरतात आणि उपयोगी पडतो. पण ज्या वर्गात एकच मूल फार मागे आहे, तिथे माझा त्याला विरोध आहे. गट हरला की सगळे त्याच्यावर तुटून पडतात. बरणी भरताना त्याचे चिंचोके मोजले जावेत, त्याच्या चुका नकोत.

दुसऱ्या आठवड्यात बिघडतं

हे जवळजवळ ठरलेलं आहे. ओरडणं बंद झालं की काही मुलं आधी आणखी जोरात तेच करतात. पूर्वी चालणारी युक्ती अजून चालते का, हे तपासत असतात. तीन-चार दिवस दम धरा. त्या दिवसांत एकदा जरी तुम्ही नाव घेऊन ओरडलात, तर मूल शिकतं की जोर वाढवला की बाई वळतात.

माझी सर्वात मोठी चूक याच आठवड्यातली. त्याने शेजारच्या मुलीची पाटी फोडली आणि मी रागात त्याच्या डब्यातले दोन चिंचोके काढून घेतले. तो माझ्याकडे बघत राहिला, मग डब्याला लाथ मारली. चिंचोके कपाटाखाली गेले. पुढचे दोन दिवस डब्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. पाटी फुटली त्याचा हिशोब वेगळा करायला हवा होता: तुकडे गोळा करणं, तिला आपली पाटी वापरायला देणं. बसण्याचे चिंचोके त्याने बसून मिळवले होते, ते माझे नव्हतेच. तिसऱ्या दिवशी मी कपाटाखालून झाडूने चिंचोके काढले, घेतलेले दोन त्यात मिळवले आणि ‘हे तुझे होते, मी घ्यायला नको होते’ असं म्हणून डबा त्याच्यापुढे ठेवला. तेव्हा कुठे गाडी पुन्हा रुळावर आली.

दोन आठवडे नीट करूनही रेघा कमी झाल्या नाहीत तर तीन गोष्टी या क्रमाने तपासा. मुदत जास्त आहे का? दोनाऐवजी एक मिनिट करा. चिंचोका उशिरा पडतो का? शेजारच्या शिक्षकाला दहा मिनिटं मागे बसून बघायला सांगा. बक्षिसाचा कंटाळा आला आहे का? यादी बदला. यानेही हलत नसेल तर बीआरसीतल्या (तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या) समावेशक शिक्षणाच्या साधनव्यक्तींना वर्ग बघायला बोलवा, आणि तुमची पाच दिवसांची रेघांची पानं त्यांच्या हातात द्या. ‘फार त्रास देतो’ या वाक्यापेक्षा ती पानं डॉक्टरांनाही जास्त सांगतात.

हळूहळू काढून घेणं

सलग तीन दिवस पाचांपैकी चार मिळाले की मुदत वाढवा: दोनाची तीन, मग पाच, सात, दहा मिनिटं. एका वेळी एकच गोष्ट बदला. मुदत वाढवली त्या आठवड्यात बक्षीस महाग करू नका. कर्नाटकातल्या कन्नड शाळांत पहिली ते तिसरीला ‘नली-कली’ची, म्हणजे हसत-खेळत शिकण्याच्या पद्धतीची शिडी असते, १९९५ मध्ये एच. डी. कोटे तालुक्यातून सुरू झालेली. एकेक छोटी पायरी, आणि प्रत्येक मूल आपापल्या वेगाने. इथेही तसंच चढायचं.

दहा मिनिटांवर आलात की दर वेळी चिंचोका देणं थांबवा. कधी दुसऱ्या टप्प्याला, कधी चौथ्या, मुलाला अंदाज येणार नाही असं. शब्द मात्र दर वेळी. शेवटी चिंचोके जातात आणि शब्द राहतात.

जे मूल आधीपासून आवडीने करतं त्याला बक्षीस लावू नका. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर हे पाहिलं. ‘चित्र काढलंस तर प्रमाणपत्र देऊ’ असं आधी सांगून ज्यांना ते दिलं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळेत चित्रांकडे कमी वळली. न सांगता अचानक ज्यांना मिळालं, त्यांची आवड तशीच राहिली. माझ्या त्या मुलाला गोष्टी ऐकायला आवडायच्या, म्हणून गोष्टीच्या वेळी मी डबा कपाटात ठेवायची.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर घडी विस्कटते, हे धरूनच चाला. सुट्टीआधी मूल दहा मिनिटांवर असेल तर परत आल्यावर पाचावर या, आणि पहिले तीन दिवस दर वेळी चिंचोका द्या. त्याला सांगा की डबा आहे तिथेच आहे. चौथ्या दिवशी रेघा पुन्हा मोजा, आणि पुढची पायरी त्या आकड्यावरून ठरवा.